रिकाम्या कपाबद्दल थोडंसं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पेपरला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. मागं एकदा आमच्या गल्लीतल्या बंद दिव्यांबद्दल लिहायला बसलो होतो, पण निम्मं पत्र झालं आणि दिवे लागले, त्यामुळं ते राहिलंच. यावेळी मात्र पूर्ण करायचं ठरवलंय.

मी तासगावचा. पतसंस्थेत कॅश काउंटरला बसतो आणि गेली वीस वर्षं हौशी नाटकात काम करतो. यंदा राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावर आमच्या ग्रुपचं नाटक झालं आणि त्याचं परीक्षण तुमच्या पेपरात आलं, आतल्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, द्राक्षाच्या औषधाच्या जाहिरातीच्या बरोबर वर. त्यात माझ्याबद्दल दोन वाक्यं आहेत. नाटकातल्या माझ्या संवादांपेक्षा ती जास्त पाठ झालीत, म्हणून कात्रण न बघता लिहितो. "वडिलांच्या भूमिकेतल्या नटाचं पाठांतर चोख आहे, पण पहिल्या अंकात त्यांच्या हातातला चहाचा कप रिकामा आहे हे शेवटच्या रांगेलाही कळत होतं. कप रिकामा असायला हरकत नाही, नट रिकामा असू नये."

बास. एवढंच.

आता यातलं दुसरं वाक्य लिहिताना तुमच्या समीक्षकांना मजा आली असणार. टाळीचं वाक्य हाताशी आलं की ते सोडवत नाही, हे मला नटाला कुणी सांगायला नको. पण सकाळी सातला जेव्हा आमच्या ग्रुपवर त्या परीक्षणाचा फोटो पडला तेव्हा मी दात घासत होतो आणि तोंडात ब्रश तसाच ठेवून दोनदा वाचलं. मग सुरू झालं सगळं. एकजण म्हणाला पेपरवाल्यांना काय नाटक कळतंय, दुसरा म्हणाला त्याला फुकट पास दिला हीच चूक झाली, आमच्या नेपथ्यवाल्यानं नुसतं कपाचं चित्र टाकलं आणि खाली काहीच लिहिलं नाही. पतसंस्थेत गेलो तर शिपाई चहा घेऊन आला आणि टेबलावर ठेवताना म्हणाला, "भरलाय ओ साहेब, बघून घ्या." त्याला वाचून कुणी दाखवलं काय माहीत. दुपारपर्यंत ठेव ठेवायला आलेल्या एका मास्तरांनीपण विचारलं. म्हणजे तुमचा पेपर वाचतात लोक, हे एक कळलं.

दोन दिवस मी चिडून होतो हे कबूल करतो. मनात उत्तरं जुळवत होतो. म्हणलं, लिहायचं संपादकांना, की आम्ही दिवसभर नोकऱ्या करून रात्री आठ ते अकरा शाळेच्या वर्गात बाकं सरकवून तालीम करतो, आमचा एक नट द्राक्षबागायतदार आहे, ऑक्टोबर छाटणी झाली की त्याचा जीव बागेत अडकलेला असतो आणि नोव्हेंबरात जरा ढग आले, अवकाळी पडला की दावण्या रोगाच्या भीतीनं तो रात्री-अपरात्री ट्रॅक्टर घेऊन फवारणीला जातो आणि आम्ही त्याचे संवाद दुसऱ्याकडून वाचून घेत तालीम रेटतो. सेट टेम्पोत घालून न्यायचा, सकाळपासून लावायचा, संध्याकाळी मेकअप, रात्री प्रयोग, की लगेच सेट काढायचा कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संस्थेचं नाटक. आणि यांना कप दिसला. असं सगळं लिहिणार होतो.

पण खरं सांगू का, हे सगळं लिहून कप काय भरला जात नाही.

घरात माझी एक फाईल आहे, प्लास्टिकची, निळी, त्यात मी आजवरच्या नाटकांची कात्रणं ठेवलीत. अकरा नाटकं, पण कात्रणं सातच, कारण चार नाटकांबद्दल कुणी काही छापलंच नाही. परवा ती काढून बसलो. सातही कात्रणांत माझं नाव आहे आणि सातही ठिकाणी ते एकाच वाक्यात आहे. तुम्हाला ते वाक्य माहीत असेल, मराठी पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं: अन्य भूमिकांत अमुक, तमुक, अमुक यांनी यथायोग्य साथ दिली. मी वीस वर्षं यथायोग्य साथ देतोय. एकदा 'समर्पक साथ' आहे, त्या वर्षी मी पोलीस पाटील होतो. एका वर्षी तर मी तापानं फणफणलेला होतो, दुसऱ्या अंकात दीड पान गाळून पुढं गेलो, समोरच्या नटाला घाम फुटला, प्रॉम्प्टर विंगेतनं ओरडायचाच बाकी होता, आणि पेपरात काय आलं तर यथायोग्य साथ. म्हणजे बघणाऱ्यानं मला बघितलंच नव्हतं. पत्रकावरची नावं उतरवून घेतली होती.

त्या फाईलीत एक कात्रण कोल्हापूरचं आहे, केशवराव भोसले नाट्यगृहात आम्ही एक प्रयोग केला होता त्याचं. शाहू महाराजांच्या काळात, 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं ते नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री मोबाईलवर ते ज्वाळांचे व्हिडिओ बघताना मला सारखं त्या रंगमंचाच्या डाव्या विंगेतला अंधार आठवत होता, तिथं उभं राहून एन्ट्रीची वाट बघताना माझा उजवा पाय थरथरत होता. त्या फळ्यांवर मी उभा होतो याचा आता माझ्याजवळ तो एक कागद आहे. आणि त्यावर काय लिहिलंय, तर तेच. यथायोग्य.

म्हणून मग तुमच्या समीक्षकांची ती दोन वाक्यं मी तिसऱ्या दिवशी परत वाचली, यावेळी जरा शांतपणे. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हाताकडं बघितलं होतं.

आता कपाचं सांगतो, कारण मूळ मुद्दा तोच आहे.

नाटक हक्कसोडपत्रावर आहे. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा महाराष्ट्रानं 1994 ला दिला, 2005 ला देशभर कायदा झाला, आणि कायदा झाला तसं हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घ्यायचं प्रकरणपण गावोगाव वाढलं, ते तुमच्या वाचकांना मी काय सांगू. आमच्या नाटकात लेक माहेरी आलीय, भाऊ घरात नाही, ती बापाला चहा करून देते, बाप एक घोट घेतो आणि म्हणतो, "मग, सही कधी करतीस?" एवढाच सीन आहे. सगळं नाटक त्या एका वाक्यावर उभं आहे.

आमचा दिग्दर्शक तीन आठवडे माझ्या मागं लागला होता की लगेच बोलू नकोस, थांब, हा माणूस वाईट नाहीये, तो लाजतोय. मी थांबायचो. मनात एक-दोन-तीन मोजायचो आणि वाक्य टाकायचो. तो डोक्याला हात लावायचा, म्हणायचा, "तू थांबत नाहीस, तू मोजतोयस." मला कळायचं नाही की मी आणखी काय करायला पाहिजे. तालमीत कप नव्हताच, हात नुसता हवेत, अंगठा आणि दोन बोटं. हौशी नाटकात प्रॉपर्टी रंगीत तालमीला येते, त्याआधी सगळे हवेतच खातात, हवेतच पितात. रंगीत तालमीला कपबशी आली. पण लेकीचं काम करणाऱ्या मुलीनं नेसलेली इरकल तिच्या मावशीची होती, सोफ्यावरची चादर भाड्याची होती, त्यामुळं प्रॉपर्टीवाल्या पोरानं ठरवून टाकलं की सांडासांड नको, कप रिकामाच ठेवू, लांबून काय दिसतंय.

लांबून सगळं दिसतं.

चौथ्या दिवशी रात्री, जेवणं झाल्यावर, मी बायकोला म्हणलं मला एक कप चहा दे, काठोकाठ. ती म्हणाली रात्री दहाला चहा पिऊन झोप येणार का, पण दिला. खुर्चीत बसलो आणि सीन करून बघितला. साहेब, भरलेला कप घेतला की माणूस आधी कपाकडं बघतो. हे मला एवढ्या तालमींत कळलं नव्हतं. डोळे आधी काठावर जातात, मग हात उचलतो, बशी खालून आधाराला येते, मान थोडी पुढं जाते कारण कप तोंडापर्यंत आणण्यापेक्षा तोंड कपापर्यंत नेणं सोपं असतं, वरचा ओठ आधीच जरा सावध होतो कारण पोळेल. आणि मग घोट घेतला की गिळावा लागतो! तोंडात चहा असताना वाक्य येतच नाही. तो गिळेपर्यंतचा वेळ म्हणजेच तो पॉज, जो मी तीन आठवडे मोजत होतो. गिळताना समोर बघता येत नाही, नजर खाली जाते. आणि नजर खाली गेलेली असताना "मग, सही कधी करतीस?" हे वाक्य निघालं ते मलाच ओळखीचं वाटलं नाही. त्यात बाप लाजत होता. प्रयोगात मी रिकामा कप ओठाला लावला, खाली घेतला आणि ताडकन विचारलं, तेव्हा तो बाप नव्हता, तलाठी होता.

बायको दारात उभी होती. तिला मी नाटकातलं काहीच सांगितलेलं नव्हतं, तिनं ते वाक्य ऐकलं आणि नुसतीच आत निघून गेली. तिनंही भावाला सही करून दिलीय, 2011 साली. ते मला तेव्हा आठवलं. बाकी त्या विषयावर आम्ही बोललो नाही आणि इथंही जास्त लिहीत नाही.

जुन्या काळी नाटक कंपन्यांत तालीम मास्तर असायचे. आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल नाटककार म्हणून तर मोठे होतेच, पण नट घडवणारा मास्तर म्हणूनही त्यांचं नाव होतं. आमच्यासारख्यांना असा मास्तर कुठून मिळणार. दिग्दर्शक स्वतः सकाळी दहा ते सहा तहसीलमध्ये असतो. प्रेक्षक म्हणाल तर स्पर्धेचं तिकीट दोन चहांइतकं, तरी येणारे निम्मे आमचेच पाहुणे, ते मेकअपरूममध्ये येऊन हात हातात घेऊन म्हणतात, "भारी झालं!" आणि आणलेले पेढे देतात. स्पर्धेला तीन परीक्षक असतात पण ते मार्क देतात, त्यांनी काय बघितलं ते कळायला मार्ग नाही, निकाल येतो तेव्हा नावांची यादी येते, रौप्यपदक कुणाला, गुणवत्ता प्रमाणपत्र कुणाला, बास. माझ्या बाबतीत तर यादीही लांबच. मग राहतं कोण, तर तुमचा माणूस, तिसऱ्या रांगेत कडेला बसलेला, ज्याला आमच्याशी घेणंदेणं नाही आणि ज्यानं पेढा खाल्लेला नाही.

आता हे सगळं झालं म्हणून मी त्यांच्या बाजूचा झालो असं समजू नका. त्यांच्याबद्दलच्या माझ्या दोन तक्रारी आहेत आणि त्या मांडल्याशिवाय मी पत्र संपवणार नाही.

पहिली अशी की परीक्षणात दुसऱ्या अंकाबद्दल एक अक्षर नाही. पहिल्या अंकातले सेटचे रंग आहेत, प्रकाशयोजना गोंधळलेली होती असं आहे (होतीच, आमचा नेहमीचा लाईटवाला नव्हता, त्या दिवशी त्याच्या भाच्यानं पहिल्यांदा बोर्ड चालवला आणि लेकीचा स्पॉट दोनदा भिंतीवर पडला), कप आहे, आणि मग एकदम शेवट: एकंदरीत प्रयत्न प्रामाणिक. रंगमंचावरून आम्हाला प्रेक्षक दिसत नाहीत, डोळ्यावर लाईट असला की पहिल्या दोन रांगांच्या पुढं नुसता काळोख असतो. पण मध्यंतरात पडद्याच्या फटीतून डोकावणारं एक पोरगं प्रत्येक ग्रुपमध्ये असतं. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची तिसऱ्या घंटेलाही मोकळीच होती म्हणे. मला माहीत आहे, पानं लवकर सोडायची असतात, त्यात तो माणूस रोज रात्री एक असं पंधरा-वीस दिवस नाटकं बघतो आणि बहुधा त्याला त्याचे वेगळे पैसेही मिळत नसतील. पण मग तसं लिहावं, की मी पहिला अंक बघितला. आमच्या दुसऱ्या अंकात तोच कप परत येतो. लेक निघून गेलेली असते आणि बाप एकटाच तिचा उष्टा कप उचलून धुवायला नेतो, आयुष्यात पहिल्यांदा. त्या वेळी कप रिकामाच असायला पाहिजे होता आणि तो रिकामा होता. तिथं बायकांच्या रांगांतून आवाज बंद झाला होता, नुसता पंख्यांचा आवाज येत होता, हे मी वीस वर्षांत दोनदाच अनुभवलंय. ते बघून त्यांनी "इथंही नट रिकामाच" असं लिहिलं असतं तरी मी मान्य केलं असतं.

आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय की मुंबईत माधव मनोहरांच्या परीक्षणाला भलेभले नाटकवाले टरकून असायचे. टरकायला काही हरकत नाही हो. सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'केसरी'ही सांभाळला आणि नाटकंही लिहिली, म्हणजे पेपर आणि नाटक ही दोन घरं आमच्याकडच्या एका माणसानं चालवलीत, आणि 1843 ला विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक केलं तेही इथंच. दर 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, तुम्ही नाट्यपंढरी म्हणून पुरवणी काढता, भाव्यांचा फोटो छापता. मग स्पर्धेच्या त्या दिवसांत औषधाच्या जाहिरातीवर अजून चार इंच जागा सुटली तर बघा. आजकाल बऱ्याच पेपरांत परीक्षणच नसतं, फोटो आणि निकाल. तुमच्याकडं आहे म्हणून तुम्हालाच बोलतोय, हे म्हणजे देणाऱ्यालाच अजून मागायचं झालं, पण आमच्याकडं पतसंस्थेत तसंच असतं, जो हप्ता भरतो त्यालाच फोन जातात.

दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची, खरं म्हणजे मी पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं आणि मधे माझंच पुराण लागलं. लेकीचं काम ज्या मुलीनं केलं तिच्या कामाचं परीक्षणात कौतुक आहे, "संपूर्ण प्रयोगात एकमेव जिवंत चेहरा" असं लिहिलंय, पण नाव दुसऱ्याच बाईचं छापलंय. ते नाव आमच्या रंगभूषेवाल्या काकूंचं आहे. चूक निम्मी आमची, पत्रकावर ओळी खाली-वर झाल्या होत्या. काकू खूष आहेत, त्यांनी ते कात्रण फ्रेम करायला दिलंय आणि परत द्यायला तयार नाहीत. पण ती मुलगी अंगणवाडीत कामाला आहे, दोन लहान पोरं आहेत, दीड महिना तिचा नवरा रात्री तिला तालमीला सोडायला आणि न्यायला यायचा, सासूचा नाटकाला विरोध होता आणि मोठ्या मुश्किलीनं त्या एवढ्यावर आल्या होत्या की पेपरात नाव येतंय का बघू. त्या दिवशी तिनं पेपर घरात दाखवलाच नाही. रात्री मला फोन करून एवढंच विचारलं की दादा, हे दुरुस्त करून मिळतं का.

तिचं नाव मी सोबतच्या वेगळ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलंय, काना-मात्रा बघून घ्या ही विनंती. शुद्धिपत्र कुठल्याही पानावर चालेल, पण जाहिरातीच्या खाली नको. माझं नाव मात्र या पत्राखाली छापू नका, शिपाई अजून थांबलेला नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही याच नाटकाचा प्रयोग तासगावात करतोय, शाळेच्या पटांगणात, रात्री साडेआठला, थंडी असते म्हणून येताना शाल आणावी. तुमच्या समीक्षकांसाठी तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची ठेवतो. प्रॉपर्टीवाल्या पोराला सांगितलंय, थर्मास आणायचा आणि एन्ट्रीच्या आधी विंगेत ओतायचा, वाफ दिसली पाहिजे. मावशीनं इरकल द्यायला नकार दिलाय, दुसरी बघतोय. आणि नाटक साडेअकराला संपतं, त्यानंतर सांगलीला परत जायला एसटी मिळायची नाही, त्यामुळं त्यांना गाडीनं सोडायची सोय केलीय. दुसरा अंक संपल्यावर.

आपला,
एक हौशी नट
तासगाव, जि. सांगली